खुरप्यानं तोडलेला चपटा किडा पुन्हा अख्खा कसा होतो?

नागभीडकडच्या एका बचत गटातल्या ताईंनी दोन फोटो पाठवून विचारलंय: "सर, गांडूळखताच्या बेडवरचं बारदान उचललं तर वीतभर लांब, चपटा, चिकट किडा दिसला. पाठीवर काळ्या रेघा, डोकं पंख्यासारखं पसरट. गांडुळाला वेटोळं घालून बसला होता. मी खुरप्यानं त्याचे तीन तुकडे केले आणि बेडच्या कडेला फेकले. बारा दिवसांनी तिथंच दोन लहान किडे सापडले, दोघांनाही डोकं होतं. हे त्या तुकड्यांचेच झाले काय जी? घरचे म्हणतात, गांडूळ तोडलं तरी दोन होतात, यात काय नवल. मग माणसाचं तुटलेलं बोट का येत नाही?"

ताई, आधी कामाचं सांगतो, मग शास्त्र. यापुढे असा किडा दिसला तर त्याला खुरपं लावू नका. काडीवर किंवा चिमट्यात उचला, डबीत टाका, वरून मूठभर मीठ. मीठ डबीत टाकायचं, बेडवर नाही. बेडवर गेलं तर आधी तुमचीच गांडुळं मरतील. उकळतं पाणीही चालतं. किडा मेला असं वाटलं तरी अर्धा तास त्यातच राहू द्या, घाईनं ओतून टाकू नका.

फोटोतला किडा बायपॅलियम वंशातला, जमिनीवर राहणारा चपटकृमी आहे. नेमकी जात फोटोवरून मी सांगणार नाही. त्यासाठी आतल्या प्रजनन इंद्रियांचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. आपल्याकडे कोणी त्याला जळू समजतं, कोणी सापाचं पिल्लू म्हणून किंचाळतं. जळूच्या अंगावर बारीक वळ्या असतात आणि दोन्ही टोकांना चिकटायच्या वाट्या. याच्या अंगावर एकही वळी नाही, गांडुळासारखे खंड नाहीत. ओल्या नाडीसारखा सपाट. तोंडही डोक्यात नसतं. पोटाच्या मध्यावर एक छिद्र असतं, त्यातून सोंडेसारखा घसा बाहेर काढून तो गांडुळाला बाहेरच्या बाहेर विरघळवतो आणि ओढून घेतो. न पचलेलं बाहेर टाकायलाही तीच वाट.

तुमच्या पहिल्या शंकेवर थोडं थांबू. दोन सापडले म्हणजे तुकड्यांचेच झाले, असं मी नुसतं ऐकून मान्य केलं नसतं. झडीच्या दिवसात एक दिसतो तिथं आणखी असू शकतात. पण तुमच्या दुसऱ्या फोटोत एक खूण आहे. दोन्ही किडे आखूड आणि बोथट आहेत, आणि एकाचा पुढचा भाग बाकी अंगापेक्षा स्पष्ट फिका आहे, पाठीवरच्या रेघा तिथपर्यंत पोचतच नाहीत. हे नवं मांस. जुन्या धोतराला नव्या कापडाचं ठिगळ लावावं तसं दिसतं. त्या एकाबद्दल मी खात्रीनं सांगतो, तो तुमच्या खुरप्याचाच आहे.

आणि तुम्ही जे केलं ते हा किडा आपणहून करतो. बायपॅलियम केवेन्से नावाची याची एक जात आहे. १८७८ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरातून तिचं वर्णन झालं, म्हणून तसं नाव. मूळची ती आग्नेय आशियातली असावी, कुंड्यांच्या मातीतून जगभर गेली. तिला अंडी घालण्याची फारशी गरजच पडत नाही. शेपटाचं टोक जमिनीला घट्ट चिकटवायचं, बाकीच्या अंगानं पुढे ओढायचं, टोक तुटून मागे राहतं. ते टोक लगेच हलतं, आणि आठ-दहा दिवसांत त्याला डोकं येतं. तुम्ही खुरप्यानं तिचीच पद्धत वापरली, फक्त तिच्यापेक्षा घाईनं.

गांडुळाचा समज मात्र चुकीचा आहे. तो आपल्याकडे इतका पक्का बसलाय की माझ्या वर्गात दरवर्षी निदान दहा पोरं ते शपथेवर सांगायची. गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला एक जाड पट्टा असतो, क्लायटेलम. त्याच्या बऱ्याच मागे तुकडा पडला तर डोक्याकडचा भाग जखम भरून काढतो, थोडी शेपूटही वाढवतो. मागचा तुकडा वळवळत राहतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं दोन झाले. तो पुढे मरतो. आपल्या बेडमधल्या आयसेनियाच्या जातीत तर कधीकधी विचित्रच होतं: मागच्या तुकड्याला डोक्याच्या जागी दुसरी शेपूटच उगवते. दोन्हीकडून शेपूट, तोंड कुठंच नाही. उपाशी राहून मरतो. हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे लागेल. नवं मांस उगवणं हा अर्धाच प्रश्न आहे. तिथं नेमकं काय उगवायचं, हे तुकड्याला कसं कळतं, खरा पेच तिथं आहे.

चपटकृमीला ते कळतं. मी हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते पाण्यातल्या चपटकृमीवर. डुगेसिया नावाचा, नखाएवढा, तपकिरी, त्रिकोणी डोक्याचा, ओढ्यातल्या दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेला. त्याचे दोन डोळे भिंगातून पाहा, तिरळ्या पोरासारखा आपल्याकडे बघतोय असं वाटतं. खेडेगावच्या कॉलेजात शिकवायला लागलो त्या काळची गोष्ट. बर्फगोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणला, त्यावर ओला गाळणकागद, कागदावर कृमी. थंडीनं तो सुस्तावतो, लांब पडतो. नवं ब्लेड, दोन काप, तीन तुकडे. पाण्यात सोडले तर डोक्याचा तुकडा काही झालंच नाही अशा थाटात वाटीच्या तळावरून सरकत निघाला. मधला तुकडा आकसून सुपारीच्या खांडासारखा झाला. रक्ताचा थेंब नाही, कारण त्याला रक्तच नाही. ना हृदय, ना रक्तवाहिन्या.

त्या वाटीत काय घडत होतं, ते आज बरंच उलगडलंय. काप पडताच कडेचे स्नायू आवळतात, जखमेचं तोंड बारीक होतं. कडेची त्वचा ताणून तासाभराच्या आत ती झाकली जाते. सहा तासांच्या आसपास अंगभर पेशींचं विभाजन वाढतं. गंमत पुढे आहे. नुसता चिरा दिला असेल, काहीच गेलं नसेल, तर इथंच सगळं शांत होतं. पण अंगाचा भाग खरोखर गेला असेल तर दुसऱ्या दिवशी विभाजनाची दुसरी लाट येते, आणि ती अंगभर नसते, जखमेपाशी असते. म्हणजे "जखम झाली" आणि "काहीतरी गेलं" यातला फरक त्या तुकड्याला कळतो. नुसतं टोचलेल्या जागी तो दुसरं डोकं काढत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी भिंगातून टोकाला पांढुरका कोंब दिसला. याला ब्लास्टेमा म्हणतात. आठवड्याभरात त्या पांढऱ्यात दोन काळे ठिपके उमटले. पोरांना वाटलं कचरा पडला. पाणी बदललं, कचरा गेला नाही, ठिपके मोठे झाले. डोळे होते ते. पंधरा दिवसांत वाटीत तीन कृमी होते, तिघेही मूळच्यापेक्षा लहान, पण पुरे.

हे काही आजचं कौतुक नाही. पीटर सायमन पालास या निसर्गवैज्ञानिकानं १७६६ मध्येच चपटकृमीच्या या गुणाची नोंद केली होती. थॉमस हंट मॉर्गननं १८९८ मध्ये तुकडे किती लहान करता येतात याचा पिच्छा पुरवला. त्याचा हिशेब असा निघाला की मूळ अंगाच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही कृमी उभा राहू शकतो. आपल्या या पंखाडोक्या बायपॅलियमवरही त्यानं १९०० मध्ये काम केलं. हाच मॉर्गन पुढे फळमाशीकडे वळला आणि गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल घेऊन गेला.

पण मॉर्गनलाच दिसलं होतं की कुठलाही तुकडा चालत नाही. डोळ्यांच्या पुढचा टोकाचा भाग वेगळा काढला तर त्यातून कृमी होत नाही. तो सोंडेसारखा घसा एकटा कापून ठेवला तर त्यातूनही होत नाही. या दोन जागांत काय कमी आहे?

पेशी कमी आहेत, एका खास जातीच्या. त्यांना निओब्लास्ट म्हणतात. आकारानं बारीक, गोल, आत केंद्रक मोठं. कृमीच्या अंगातल्या पेशींपैकी साधारण २० ते ३० टक्के याच असतात आणि अंगभर विखुरलेल्या असतात, फक्त त्या दोन जागा सोडून. अंगात विभाजन होतं ते फक्त यांचंच. त्वचेची पेशी त्वचेची पेशी देत नाही, आतड्याची पेशी आतड्याची देत नाही. जुनी झाली की गळून पडते, आणि तिच्या जागी निओब्लास्टच्या घरातून नवी येते. म्हणजे या किड्याचं पुनर्जनन हे संकटकाळचं वेगळं खातं नाही. रोजची डागडुजी करणारे गवंडीच त्या दिवशी जास्त हजेरीवर येतात.

याचा पुरावा कसा मिळाला? क्ष-किरणांचा जोरदार मारा केला की निओब्लास्ट मरतात, बाकीच्या पेशी तूर्त टिकतात. असा कृमी काही दिवस ठीक दिसतो. मग डोकं आकसायला लागतं, अंग पोटाकडे वळतं, काही आठवड्यांत मरतो. कापला तर कोंब फुटत नाही. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये पीटर रेडियन यांच्या चमूनं २०११ मध्ये अशाच मारा केलेल्या कृमीत दुसऱ्याच्या अंगातली एक निओब्लास्ट पेशी सोडली. एकच. ती वाढली, पसरली, आणि काही कृमी त्या एका पेशीच्या जोरावर जगले, हळूहळू त्यांचं सगळं अंगच त्या पाहुण्या पेशीच्या वंशजांचं झालं. मला या सगळ्या विषयात यापेक्षा सुंदर प्रयोग दुसरा वाटत नाही. आपली गर्भावस्थेतली सुरुवातीची पेशी जे करू शकते ते या किड्यातल्या काही पेशी म्हातारपणीही करू शकतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर बेशरम. तलावाच्या पाळीवरची बेशरमाची काडी तोडून फेका, जिथं पडते तिथं मूळ धरते. हरळीचं तसंच, वखर फिरवून तुकडे केले की वावरभर तीच. पण बेशरमाला आणि उसाच्या बेण्याला डोळा पेऱ्यावर असतो, पेरं नसलेला तुकडा कुजतो. या किड्याच्या जवळजवळ सगळ्या अंगाला डोळेच डोळे आहेत, असं समजा.

आता तो पेच. बेणं उलटं लावलं तरी कोंब वर जातो, मूळ खाली. मधल्या तुकड्याला दोन जखमा आहेत, एक पुढून, एक मागून. दोन्हीकडे तेच निओब्लास्ट. मग पुढच्या जखमेवर डोकंच आणि मागच्या जखमेवर शेपूटच का?

बरीच वर्षं वाटायचं की निओब्लास्टलाच सगळं माहीत असणार. तसं नाही. पत्ता स्नायूंजवळ असतो. अंगभरच्या स्नायूपेशी आपापल्या जागेनुसार वेगवेगळी जनुकं चालू ठेवतात: इथं डोक्याचा शेजार, इथं पोट, इथं शेपटाकडचा भाग. २०१३ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. गवंड्याच्या हातात वीट आहे, घर कुठं आणि गोठा कुठं हे सांगणारा नकाशा भिंतीवर टांगलेला आहे, आणि भिंत स्नायूंची आहे. तुकडा पडला की उरलेल्या स्नायूंत नकाशा नव्यानं आखला जातो.

त्या नकाशात शेपटाचा निरोप म्हणजे डब्ल्यूएनटी नावाच्या प्रथिनांची साखळी. तिच्यात बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन मुख्य काम करतं. काप कुठलाही असो, तिथं डब्ल्यूएनटी-१ जागं होतं. पण डोक्याच्या दिशेनं उघडलेल्या जखमेवर त्याच्यासोबत नोटम नावाचं दुसरं जनुकही चालू होतं, आणि ते डब्ल्यूएनटीचा आवाज दाबतं. आवाज दबला की तिथं डोकं. दबला नाही की शेपूट.

२००८ मध्ये हे पडताळलं कसं, ते ऐकून तुम्हाला हसू येईल. बीटा-कॅटेनिनचं जनुक गप्प करणारा आरएनए काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, लगद्यात कालवून कृमीला खाऊ घालतात. कोंबडीला औषध पिठात कालवून द्यावं तसं. मग शेपूट कापली तर शेपटाच्या जागी डोकं आलं. दोन डोकी, दोन्ही दिशांना ओढणारी. उपचार तसाच राहिला तर न कापलेल्या कृमीच्या कडेनंही डोकी फुटली. गांडुळाच्या मागच्या तुकड्याला शेपूटच शेपूट आली होती ना, तिच्या नेमकं उलट.

यातून पुढे एक फारच मोलाची गोष्ट घडली. चपटकृमींतही काही जातींना हे सगळं जमत नाही. डेंड्रोसीलम लॅक्टियम नावाच्या दुधी रंगाच्या जातीत शेपटाकडचा तुकडा जखम भरतो, पण डोकं काढत नाही. निओब्लास्ट आहेत, तरी नाही. २०१३ मध्ये तीन वेगवेगळ्या चमूंनी डेंड्रोसीलमसारख्या अशा अपुऱ्या जातींत तोच बीटा-कॅटेनिनचा आवाज दाबून पाहिला, आणि तिथून डोकं आलं, चालतंफिरतं डोकं. सामान सगळं घरात होतं, एक खटका चुकीच्या बाजूला पडलेला होता.

तुमच्या तुकड्यांबद्दल आणखी एक. मधल्या तुकड्याला डोकं नाही. घसा असलाच तरी त्यानं शिकार पकडता येत नाही. बारा दिवस तो खाणार काय? काहीच नाही. म्हणून नुसता कोंब फुटून भागत नाही. उरलेलं जुनं अंगही मोडून नव्या मापानं बांधावं लागतं. मोठा वाडा पडला, नव्या विटा आणायला पैसा नाही, तर उभ्या भिंतींच्या विटा काढून त्याच जागेवर दोन खोल्यांचं घर बांधतात, तसं. म्हणून तुमचे दोन्ही किडे आखूड होते. उपाशी ठेवलेला धडधाकट कृमीही असाच लहान होत जातो, महिनोन्महिने, अंगाचं प्रमाण मात्र बिघडू देत नाही. खायला दिलं की परत वाढतो.

मी ज्या कृमींवर शिकलो ते मात्र माझ्याच हातून मेले, हेही लिहितो. ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ वर जातो तो महिना. या किड्यांना वीस अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. लोडशेडिंगमध्ये कूलर बंद, मी सुटीवर, आणि जाताना शहाणपणा करून वाटीत बकऱ्याच्या काळजाचा तुकडा जास्तीचा टाकून गेलो, पोरं उपाशी राहू नयेत म्हणून. चार दिवसांनी आलो तर खोलीत दार उघडवेना इतका वास. ऐंशी-नव्वद कृमींचा नुसता बुळबुळीत थर. त्यानंतर वाट्या जाड माठात, माठ ओल्या पोत्यात, पोतं वाळूत, आणि काळीज दिल्यावर दोन तासांत उरलेलं बाहेर. नळाचं पाणी क्लोरीनमुळे चालत नाही, विहिरीचं चालतं. ब्लेडला न मरणारा हा प्राणी शिळ्या पाण्यानं मरतो, हे मला पुस्तकातून कळलं नाही.

पाश्चात्त्य प्रयोगशाळांत श्मिडटिया मेडिटेरेनिया नावाची जात वापरतात. तिचा सर्वांत जास्त पसरलेला वाण बार्सिलोनाच्या एका पडक्या कारंज्यातून गोळा केलेल्या कृमींपैकी एकाच कृमीपासून तुकड्या-तुकड्यांनी वाढवलेला आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या इन्स्टेम संस्थेत प्लॅनेरियावर, म्हणजे अशाच पाण्यातल्या चपटकृमींवर, काम चालतं. तुमच्या गटातली पोरगी बारावीला विज्ञान घेऊन बसली आहे म्हणालात, तिला हे नाव सांगून ठेवा.

याच खानदानातले काही सदस्य आपल्या ओळखीचे आहेत. माणसाच्या आतड्यातला पट्टकृमी चपटकृमीच. त्याचे पट्टे शौचातून कितीही पडले तरी डॉक्टर डोकं पडलं का विचारतात, ते याचसाठी. डोकं आणि मान आत राहिली तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा पट्टे पडायला लागतात. पण उलटं होत नाही. पट्ट्यातून डोकं कधीच येत नाही. गुरांच्या यकृतातला पर्णकृमीही याच कुळातला, मात्र त्याचे तुकडे केले तर तुकडेच राहतात. कुळ एक म्हणून गुण सगळ्यांत सारखा उतरत नाही.

आता बोट. मळणीयंत्रात बोटं गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. आपल्यातही मूलपेशी आहेत, पण त्या आपापल्या कामाला बांधलेल्या: रक्ताच्या रक्त देतात, त्वचेच्या त्वचा, स्नायूच्या स्नायू. सगळं करू शकणारी पेशी मोठ्या माणसाच्या अंगात फिरत नाही. शिवाय आपलं शरीर जखमेवर व्रण चढवून दार लावून घेतं. रक्त वाहणाऱ्या, ऊन-धुळीतल्या प्राण्याला तेच आधी गरजेचं आहे. तरी अगदीच रिकाम्या हातानं नाही आपण. लहान मुलाच्या बोटाचं टोक नखाच्या मुळापुढून तुटलं तर नखासकट बऱ्यापैकी परत येऊ शकतं. यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला तरी उरलेला वाढून भरपाई करतो, जुना आकार तेवढा येत नाही. भिंतीवरच्या पालीची शेपूट येते, पण आत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. किड्याच्या अभ्यासातून उद्या माणसाचं बोट येईल असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

बेडकडे येऊ. हा किडा बहुधा रोपवाटिकेच्या पिशव्यांतून किंवा शोभेच्या झाडाच्या कुंडीतून आला असेल. शेडजवळ कुंड्या ठेवल्या आहेत का ते बघा. कुंडी उचलून बुडाचं छिद्र तपासा, तिथं तो गुंडाळून बसतो. बेडच्या बाहेर, सावलीत, ओलं बारदान आणि एखादी फळी जमिनीवर पसरून ठेवा. रात्रभर फिरून पहाटे तो ओल्या आडोशाला येतो. उन्हं चढायच्या आत बारदान उलटा, सापडतील ते मिठाच्या डबीत. आठवडाभर हे रोज केलं की बरेच कमी होतात. कोरडेपणा त्याला अजिबात सोसत नाही, म्हणून बेडभोवतीची हातभर पट्टी साफ आणि कोरडी ठेवा. औषध फवारू नका. या किड्याला मारणारं आणि गांडुळाला न मारणारं औषध माझ्या तरी पाहण्यात नाही.

उचलताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. बायपॅलियमच्या दोन जातींत २०१४ मध्ये टेट्रोडोटॉक्सिन सापडलं, पफर माशात असतं तेच विष. नुसत्या हात लागण्यानं माणूस मरत नाही, उगाच गावभर बोंब नको. पण लहान लेकरांना हाताळू देऊ नका आणि मेलेले किडे कोंबड्यांपुढे टाकू नका.

एक हिशेब मात्र राहतो. तुकडे तीन होते, सापडले दोन. तुकडे जिथं फेकले त्या कडेच्या विटा उद्या सकाळी एकेक उलटून पाहा, खालची बाजू नीट निरखा. तो चिखलाच्या रंगाचा आणि बोटाच्या पेराएवढाच असेल. पोरीला दाखवायचा असेल तर मिठात टाकण्याआधी झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ओल्या मातीवर आठ दिवस ठेवा, सावलीत. डोक्याकडच्या फिक्या भागावर रेघा उतरताना तिला दिसतील.